अर्ध्या दिवसाचं वाळवंट: बेळगाव ते समची वाळू

जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. गावाजवळ वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. तिकडची माणसं या टेकड्यांना धोरे म्हणतात. पत्रकावर 'हाफ डे डेझर्ट सफारी' छापलेलं असतं ते बहुतेक वेळा याच पट्ट्यासाठी. दुपारी दोनला निघून रात्री दहाला परत, असा हा 'अर्धा' दिवस आठ तासांचा असतो. त्यातले प्रत्यक्ष वाळूवर मिळतात जेमतेम अडीच तास. बाकीचे रस्त्यात, चहात, रांगेत आणि जेवणात जातात. ते अडीच तास नीट पदरात पडले तर बाकीचं चालवून घेता येतं. ते हुकले तर शेकोटीपुढच्या नाचगाण्याने भरपाई होत नाही. म्हणून खाली सगळा प्रवास दिवसावार दिला असला तरी जोर चौथ्या दिवसाच्या दुपारवर आहे.

निघण्याची तारीख ठरवताना दोन गोष्टी बघायच्या. एक, महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये दुपार तापते, पण संध्याकाळ सोसवते. एप्रिल ते जून या काळात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा स्वस्तात मिळतंय म्हणून जाऊ नका. दुसरी गोष्ट तिथी, जी सहलवाले कधी सांगत नाहीत. शुद्ध दशमी ते पौर्णिमा या दिवसांत सूर्य मावळताना चंद्र आकाशात असतो किंवा नुकता उगवत असतो, आणि अंधार पडल्यावरही वाळू दिसते. वद्य पक्षात तसं नाही. संकष्टीला उपास सोडायला चंद्राची किती वाट पाहावी लागते हे घरोघरी ठाऊक आहे. तोवर समहून परतीची गाडी सुटलेली असते. ज्यांना तारेच बघायचे आहेत त्यांनी मात्र सरळ अमावास्या गाठावी. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव भरतो. तेव्हा चंद्र छान, रंगही छान, पण धोऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही.

पहिला आणि दुसरा दिवस: बेळगाव ते जोधपूर

बेंगळुरूहून जोधपूरला जाणारी एक्सप्रेस हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे, मग सुरत, अहमदाबाद अशी जाते. ती रोज नाही, त्यामुळे आधी गाडीचा वार बघा आणि मगच रजा टाका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत पहिल्याच दिवशी काढलं नाही तर प्रतीक्षा यादी ठरलेली. निपाणी-चिकोडीकडच्यांनी मिरजेला चढावं, ते सोयीचं. खानापूरकरांनी बेळगावलाच या. जोधपूरपर्यंत दीड दिवसाच्या आसपास धरून चाला आणि उशीर गृहीत धरून पुढची गाडी लगेचची काढू नका.

या दोन दिवसांत बघण्यासारखं खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच, तेव्हा सामानाबद्दल बोलू. बेळगावात बसून 'वाळवंट' म्हटलं की माणूस सुती कपडे भरतो. चूक तिथेच होते. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी २४-२५ अंश असतं आणि रात्री पारा सात-आठवर, कधी त्याही खाली येतो. हवा कोरडी, ढग नाहीत; दिवसभर तापलेली वाळू सूर्य गेल्यावर अर्ध्या तासात गार पडते. त्यात जीप उघडी, म्हणजे वारा थेट छातीवर. टिळकवाडीत पहाटे फिरायला जाताना जो स्वेटर पुरतो तो इथे पुरत नाही. एक लोकरीचा थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. खाली जाड पँट. उंटाच्या खोगिराला मांडी घासते, तेव्हा आखूड चड्डी किंवा साडी नको. बायकांना सलवार किंवा पँट बरी.

पायात बंद बूट आणि दोन जोड मोजे. दीड-दोन मीटरचं सुती उपरणं किंवा पंचा हवाच. तोंडा-नाकावर गुंडाळायला मास्कपेक्षा ते बरं, कारण कानाच्या मागून वाळू शिरत नाही. डोळ्यांना गॉगल, साध्या चष्म्याच्या बाजूने वाळू आत येते. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालू नका. मोबाइलसाठी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी, एक छोटी बॅटरी, मीठ-साखरेच्या पुड्या, ओठांना लावायला काहीही. घरचं तूप चालतं. खायला दशम्या आणि कोरडी चटणी. भेट द्यायला नेणार असाल तर गोकाकचा करदंट टिकतो. कुंदा दुधाचा, त्याचं दोन दिवसांच्या प्रवासात काय होईल सांगता येत नाही.

आधार कार्ड मूळ असू द्या, हॉटेलात आणि कॅम्पवर दोन्हीकडे मागतात. ड्रोन घरीच ठेवा. सीमाभाग हा शब्द आपल्याला नवा नाही, पण तिथला सीमाभाग तारेच्या कुंपणाचा आणि लष्कराचा आहे.

तिसरा दिवस: जोधपूर ते जैसलमेर

अंतर २८५ किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने किंवा रस्त्याने पाच-सहा तास. रस्ता पोखरणवरून जातो. अणुचाचण्या १९७४ आणि १९९८ मध्ये झाल्या तेच हे पोखरण. जसजसं पश्चिमेला सरकाल तसतशी झाडं खुजी होत जातात आणि पवनचक्क्या दिसू लागतात. गदगच्या बाजूला पाहिलेल्यांना त्यांचं अप्रूप वाटणार नाही.

एका झाडाकडे मात्र लक्ष ठेवा. माळावर एकेकटं उभं असलेलं, खोडाला गाठी, पानं बारीक: ती खेजडी. राजस्थानचा राज्यवृक्ष. आपल्याकडे दसऱ्याला कन्नड घरांतून 'बन्नी' म्हणून ज्या झाडाची पानं वाटतात, आपण जिला शमी म्हणतो, तेच हे झाड. रात्री ताटात येणारी 'सांगरी' म्हणजे याच्याच सुकवलेल्या शेंगा.

संध्याकाळी जैसलमेरला पोचल्यावर उद्याची सफारी पक्की करायची. बेळगावातूनच सगळं भरून टाकण्यापेक्षा इथे ठरवलेलं बरं, कारण प्रश्न समोरासमोर विचारता येतात. विचारायचे ते असे. शहरातून नेणं-आणणं धरलंय का, आणि गाडी फक्त आपलीच की इतरांना गोळा करत जाणार? दुसरा प्रकार असेल तर पाऊण तास शहरातच जातो. जीप दरात आहे की 'वर' द्यायची? बहुतेक ठिकाणी ती वर असते. जीपचा दर माणशी की गाडीमागे? चौघे-पाच जण असाल तर गाडीमागे ठरवा. उंटावर किती मिनिटं आणि कुठून कुठे, हेही विचारा. 'उंटाची सवारी' या दोन शब्दांत रस्त्याकडेची दहा मिनिटांची फेरीही बसते आणि कॅम्पपासून धोऱ्यांपर्यंतची अर्ध्या तासाची चालही. कॅम्पपासून वाळू किती लांब? नावात 'ड्यून' असलेले कितीतरी कॅम्प वाळूपासून दोन-तीन किलोमीटर अलीकडे, कनोईच्या बाजूला आहेत. ते वाईट नाहीत, पण पायी वाळूवर जाता येत नाही हे आधी कळलेलं बरं.

वाळूचे पट्टे दोन. सम आणि खुरी. खुरी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, अंतर जवळपास तेवढंच. तिथे गर्दी आणि लाउडस्पीकर कमी, जीपाही कमी. लहान मुलांना धांगडधिंगा हवा असेल तर सम, म्हातारी माणसं बरोबर असतील आणि शांतता हवी असेल तर खुरी.

चौथा दिवस, सकाळ

उजाडायलाच उशीर होतो. जानेवारीत बेळगावात सातला सूर्य वर येतो तेव्हा इथे अजून अंधुक असतं. साडेसातनंतर ऊन पडतं. किल्ला आज थोडक्यात बघा आणि बाकीचा उद्यावर ठेवा. सकाळभर चढ-उतार करून पाय दुखवून घेतले तर संध्याकाळी वाळू चढवत नाही. जेवण साडेबारापर्यंत, हलकं. भरल्या पोटी जीपमध्ये बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला खाली उतरवा म्हणतो. ज्यांना चोर्ला घाटात गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी जीपच्या तासभर आधी घ्यावी. गाडी लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

चौथा दिवस, दुपार: कुलधरा

दोनला निघालात तर अठराएक किलोमीटरवर कुलधरा लागतं. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. गाइड एका रात्रीत सगळे निघून गेल्याची आणि जुलमी दिवाण सालिमसिंगची गोष्ट रंगवून सांगतात. गोष्ट ऐका, पण घरांकडे पण बघा. रस्ते काटकोनात, जाड दगडी भिंती, मधे चौक. पाणी आटत गेलं आणि कर वाढत गेला की शेतकरी गाव सोडतो, हे कळायला भुताखेतांची गरज पडत नाही. चाळीस मिनिटं पुरेत. इथे रमलात तर वाळूवरचा वेळ कापला जातो, आणि बहुतेकांचा दिवस बिघडतो तो इथेच. सव्वातीनला गाडीत बसा.

पुढच्या रस्त्यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा हिरमोड ठरलेला: वाळू कुठे आहे? दोन्ही बाजूंना मुरमाड माळ, रुईची झुडपं, नेपतीची जाळी, शेळ्या. थरचं वाळवंट हे असंच आहे. बराचसा भाग दगडगोट्यांचा आणि खुरट्या झुडपांचा, आणि माणसांची वस्ती बऱ्यापैकी. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत-बाहेर. आपल्या कणकुंबीला जुलैच्या एका जोरदार आठवड्यात तेवढा पडतो. याच माळावर माळढोक पक्षी राहतो. त्याच्यासाठी ३,१६२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय मरुउद्यान राखलेलं आहे आणि समचा पट्टा त्याला लागूनच आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे उडताना तो विजेच्या तारांना धडकतो. तारांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच.

चौथा दिवस, पावणेचारपासून पाऊण तास: जीप

कॅम्पवर चहा-पकोडे येतात. चहा घ्या, पकोडे परत आल्यावर. संडासला इथेच जाऊन या. धोऱ्यांवर आडोसा नाही. मग पहिल्यांदा जीप, नंतर उंट, शेवटी पायी. कॅम्पवाले पुष्कळदा उलटं करतात: उंट आधी, आणि जीप ऐन सूर्यास्ताला. ते टाळा. उतरत्या उन्हात, सूर्य समोर असताना, चालकाला कड्यापलीकडचा उतार दिसत नाही, आणि त्याच वेळी सगळ्यांच्या जीपा धोऱ्यांवर असतात.

वाळू समजून घेतली तर जीप काय करते हे कळतं. इथले धोरे उन्हाळी नैर्ऋत्येच्या वाऱ्याने रचलेले आहेत. त्यामुळे वाऱ्याकडची बाजू लांब, सौम्य उताराची, दबून घट्ट झालेली. त्यावर पाण्यासारख्या लहरी उमटलेल्या असतात. पलीकडची बाजू एकदम उभी, ३२-३४ अंशांची, आणि तिथली वाळू भुसभुशीत. कोरड्या वाळूला याहून उभं राहता येत नाही, ती घसरते. चालक घट्ट बाजूने वेगात चढतो, माथ्यावर क्षणभर वेग मारतो आणि भुसभुशीत बाजूने सरळ खाली सोडतो. पोटात गोळा येतो तो इथे.

निघण्यापूर्वी टायरची हवा उतरवली का बघा. डांबरी रस्त्यावर ३०-३५ पीएसआय असते. वाळूत १५ ते १८ वर आणतात. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि तेवढंच वजन जास्त जागेवर विभागलं जातं. उंटाचा तळवा रुंद आणि मऊ असतो त्यामागेही हीच युक्ती. हवा न उतरवता वाळूत शिरणारा चालक एकतर घाईत असतो किंवा नवखा असतो. मात्र उतरवलेल्या हवेवर एकदम वळण घेतलं तर टायर रिममधून सुटू शकतो. म्हणून 'भैया, और जोर से' असं ओरडायची खुमखुमी आवरा.

काय बिघडतं? बहुतेक वेळा गाडी माथ्यावर रुतते. चढताना वेग कमी पडला, पोट वाळूवर टेकलं, चाकं जागीच फिरली. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की चाक स्वतःचाच खड्डा खणतं. जाणता चालक लगेच थांबतो, चाकांपुढची वाळू हाताने किंवा फावड्याने उपसतो आणि आल्या चाकोरीतूनच मागे येतो, कारण ती वाळू आधीच दबलेली असते. प्रवाशांनी चढाच्या बाजूने उतरून बाजूला व्हावं. गाडीच्या मागे उभं राहू नये, आणि दुसरी जीप दोराने ओढत असेल तर दोराच्या लांबीहून लांब राहावं. तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

दुसरा धोका आडव्या उताराचा. धोऱ्याच्या कुशीतून तिरकं जाताना गाडी खालच्या बाजूला घसरते. त्या क्षणी मागे उभी राहिलेली माणसं खालच्या बाजूला झुकली तर कलंडायला तेवढं पुरतं. समच्या उघड्या जीपांत मागे उभं राहून लोखंडी दांडा धरायची पद्धत आहे, फोटोही तसेच काढतात. आमचं मत सरळ आहे: बसा. दुबईच्या सफारीत बंद गाडी, आतून लोखंडी पिंजरा आणि प्रत्येकाला पट्टा असतो. इथे पट्टा असलेली जागा म्हणजे पुढची सीट. लहान मूल मांडीवर घेऊन मागे तर कधीच नको. पाठीचा-मानेचा त्रास, हल्लीच झालेली शस्त्रक्रिया, हृदयविकार आणि गरोदरपण यांना जीप पूर्ण वर्ज्य. आजोबांनी हौसेने बसायचंच ठरवलं तर पुढे बसवा आणि कवळी खिशात ठेवायला सांगा. हे विनोदाने म्हटलेलं नाही.

जीपच्या मागे दोर बांधून वर उडवायचं पॅरासेलिंग आणि चारचाकी बाइकही दिसतील. बाइकवर हेल्मेट मिळालं तरच बसा. पॅरासेलिंगला पट्टे स्वतः ओढून बघा, आणि वारा झटक्याझटक्याने येत असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण वर जाऊ नका.

चौथा दिवस, पावणेपाच: उंट

सूर्यास्ताच्या तासभर आधी उंटावर बसलात तर रांग नसते आणि उंटवाला निवांत असतो. जैसलमेरी उंट सडपातळ, चालायला चपळ. ओझी वाहणारा जाडजूड उंट बिकानेरी. एकेका उंटावर दोघांना बसवतात. दोघेही अंगाने मोठे असतील तर वेगळे उंट मागा, उंटासाठी आणि तुमच्यासाठीही.

सगळा प्रश्न उठण्या-बसण्याचा आहे. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो. बसणारा एकदम पुढे फेकला जातो, आणि लगेच पुढचे पाय उठले की मागे. तेव्हा उठण्याआधी दोन्ही हातांनी खोगिराची पुढची मूठ धरायची, पाय घट्ट आवळायचे आणि अंग मागे रेलायचं. बसताना उंट पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा झोक पुढेच. पुन्हा मागेच रेलायचं. सवारी संपली या आनंदात हात सोडून मोबाइल काढणारी माणसं नेमकी इथे पडतात. उंटवाला सांगेपर्यंत पाय खाली सोडू नका.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून अंग डावी-उजवीकडे डुलतं. ताठ बसलात तर कंबर धरते. कंबर सैल सोडा, बैलगाडीत सोडतो तशी. वीस मिनिटांनी मांड्या भरून येतात, अर्ध्या तासाहून जास्त सवारी हौशी माणसाला नको. गुडघे दुखणाऱ्या आज्जीसाठी उंटगाडी मागा. टायरची चाकं असलेली सपाट गाडी, चढायला सोपी.

थंडीचे महिने हे उंटांच्या माजाचे. नर उंट गुडगुड आवाज करतो, तोंडाला फेस येतो आणि कधी तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर लोंबतं. तो आजारी नसतो. ती टाळूची मऊ पिशवी, मादीला दाखवण्यासाठी फुगवलेली. अशा उंटाच्या तोंडाजवळ सेल्फीला जाऊ नका, चावा जबर असतो. नाकातल्या खुंटीजवळ जखम दिसली किंवा उंट लंगडत असेल तर दुसरा मागा. वर काही द्यायचं असेल तर ते थेट उंटवाल्याच्या हातात द्या. कॅम्पच्या हिशेबातून त्याला किती पोचतं हे कोणी सांगत नाही.

चौथा दिवस, सव्वापाच ते साडेसहा: पायी

मुळात आलो ते यासाठी. उंट जिथे सोडतो तिथे थांबू नका. चहावाले, कोल्ड्रिंकवाले, एकतारी वाजवणारी मुलं, सगळे तिथेच असतात. वाऱ्याकडच्या सौम्य उताराने दहा-पंधरा मिनिटं पुढे गेलात की माणसांचे आवाज मागे पडतात. लहरी उमटलेल्या वाळूवरून चाला, ती घट्ट असते. उभ्या बाजूने चढायला गेलात तर दोन पावलं पुढे, एक मागे, आणि दम तुमचा. उतरताना मात्र तीच उभी बाजू घ्या, टाचा रोवत.

सूर्य मावळतो तो डिसेंबरच्या मध्यात सहाच्या जरा आधी, जानेवारीच्या मध्यात सव्वासहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यात साडेसहानंतर. त्याआधी चाळीस मिनिटं जागा धरून बसा. सूर्याकडे तोंड करून काढलेला फोटो सगळ्यांकडे सारखाच असतो. पाठ सूर्याकडे करा. लहरींच्या सावल्या लांब होतात आणि वाळूचा रंग मिनिटामिनिटाला उतरत जातो. सूर्य गेल्यावर सगळे एकदम उठतात आणि जीपांकडे पळतात. तुम्ही उठू नका. पुढची वीस-पंचवीस मिनिटं उजेड असतो आणि पट्टा बराचसा रिकामा होतो. चालकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो हॉर्न वाजवत बसतो.

कॅमेऱ्याची भिंग इथे बदलू नका. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात वाळू गेली तर फुंकू नका, ओल लागून ती चिकटते; उलटा धरून हलके ठोका. अनवाणी चालायचा मोह होतो. उजेडात, मोकळ्या वाळूवर चालेल. झुडपांच्या आसपास भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं असतात, ती मोज्यातूनही टोचतात, आणि फुटक्या बाटल्याही असतात. अंधार पडला की बूट घालाच. ऑक्टोबर आणि मार्चच्या उबेत विंचू-साप बाहेर असतात. काळे किडे वाळूवर नक्षी काढत जातात, ते निरुपद्रवी.

अंधारात सगळे धोरे सारखे दिसतात. निघतानाच एखादा मनोरा किंवा रस्त्याकडचे दिवे कोणत्या दिशेला आहेत ते बघून ठेवा आणि कॅम्पचं नाव लिहून खिशात ठेवा. प्यायला माणशी एक लिटर पाणी हिवाळ्यात पुरतं, मार्चमध्ये दोन. रिकामी बाटली परत आणा.

चौथा दिवस, रात्र

सातला कार्यक्रम सुरू होतो. शेकोटी, खाटा, गाद्या. कालबेलियांचं नृत्य बघा, युनेस्कोच्या यादीत ते २०१० साली आलं. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन भवाई नाच करतात. गाणारे बहुधा मांगणियार, म्हणजे तिकडची पिढीजात गायक मंडळी. खरताल म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन. आणि कमायचा, गोल कातडी पोटाचं, गजाने वाजवायचं वाद्य. ते हल्ली कमी दिसतं. दिसलं तर कार्यक्रम संपल्यावर जवळ जाऊन, लाउडस्पीकर बंद करून दोन मिनिटं वाजवायला सांगा, आनंदाने वाजवतात. आठनंतर बहुतेक ठिकाणी डीजे लागतो. तेव्हा जेवायला उठावं.

ताटात डाळ-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी. भाकरी आपल्याला नवी नाही, फक्त जोंधळ्याऐवजी बाजरी. बाटी तुपात बुडवलेली असते, दोनवर थांबा, पोटात ती फुगते. लाल मांस मागवणार असाल तर एक सांगून ठेवतो: रंग बघून ब्याडगीची मिरची समजू नका. ब्याडगी रंगाला असते, ही मथानियाची, रंगालाही आणि जिभेलाही.

नऊ-सव्वानऊला निघा. रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे, धोका तोच. गाई आणि उंट काळोखात डांबरावर बसलेले असतात, कारण डांबर उबदार असतं. पुढच्या सीटवर जागा माणूस बसवा.

पाचवा दिवस: जैसलमेर आणि परत

किल्ला आज. रावल जैसल यांनी ११५६ साली वसवला, २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशात आला. आत आजही माणसं राहतात आणि सांडपाण्याच्या ओलीने किल्ल्याच्या पायाला धोका आहे, म्हणून मुक्कामाला किल्ल्याबाहेरचं हॉटेल घ्यावं. पटव्यांच्या हवेल्या तासाभरात, गडीसर तलाव सकाळच्या उन्हात. घरात कोणी फौजेत असेल, आणि बेळगावात असं घर शोधावं लागत नाही, तर जोधपूर रस्त्यावरचं वॉर म्युझियम चुकवू नका. डिसेंबर १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईतली सामग्री तिथे आहे. प्रत्यक्ष लोंगेवाला आणि तनोट बघायचं तर आणखी एक अख्खा दिवस लागतो.

जोधपूरची गाडी पकडण्यापूर्वी बूट उलटे करून झटका, बॅगेचे कोपरे बाहेर काढा. तरी वाळू बेळगावपर्यंत येतेच. घरी आल्यावर कपडे आणि बूट मोरीत धुऊ नका; ही वाळू विरघळत नाही, नळीच्या वळणात जाऊन बसते आणि महिन्याभराने मोरी तुंबते. आधी अंगणात झटकायचं, मग बादलीत भिजवायचं, आणि ते पाणी वाळूसकट झाडाला घालायचं.